एकाच पंपाचं पेट्रोल, तरी चार व्हॅन पीयूसीत फेल: धुळ्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आप्पा (नाव बदललंय) यांच्या धुळ्यात सात पेट्रोल व्हॅन आहेत. सकाळ-दुपार शाळेची पोरं, मधल्या वेळात लग्नाचं नाहीतर साक्री-पिंपळनेरकडचं भाडं, असा धंदा. सगळ्या गाड्या २०१७ ते २०१९ मधल्या, म्हणजे बीएस-४ (भारत स्टेज, धुराच्या सरकारी मानकाचा चौथा टप्पा). मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकवतो, आप्पांचा पुतण्या माझ्या वर्गात होता, त्या ओळखीनं ते माझ्याकडे आले.

साल २०२५, मे महिना. शाळा उघडायच्या आधी गाड्यांचं पासिंग करून घ्यायचं म्हणजे आधी पीयूसी लागते, आणि आता ती ऑनलाइन चढते, गाडीचा फोटो निघतो, त्यामुळे पूर्वीसारखं पन्नास रुपये दिले आणि कागद घेतला असं सहसा होत नाही (सहसा म्हणतोय, पुढे येईलच ते). सातपैकी चार गाड्या फेल झाल्या. आप्पांनी फोनवर पहिलंच वाक्य टाकलं, "सर, पेट्रोलमाच खोट शे."

अडचण

बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर (गाडी उभी, रेस न देता) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि एचसी म्हणजे न जळलेलं इंधन २०० पीपीएम (दहा लाखात २०० भाग) ही मर्यादा आहे, आणि २५०० आरपीएमच्या आसपास रेस ठेवून परत मोजतात तेव्हा सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा १ च्या मागेपुढे ०.०३. लॅम्डा म्हणजे हवा आणि इंधनाचं प्रमाण बरोबर आहे का त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत. आप्पांच्या चार गाड्यांचा सीओ ०.६ ते ०.८ च्या घरात आणि एचसी २५० च्या वर. धूर म्हणाल तर डोळ्यांना काहीच दिसत नव्हता, गाडी पिकअपला चांगली, नॉकिंग (इंजिनची ठकठक) नाही, चेक इंजिनचा दिवा पण बंद. म्हणूनच सगळ्यांचं बोट पेट्रोलकडे.

त्यात हवा पण तशीच होती. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलेलं, ड्रायव्हर लोकांच्या मोबाइलवर तो बाटलीचा व्हिडिओ फिरत होता, पेट्रोलमध्ये पाणी टाकतात, हलवतात आणि खालचा पाण्याचा थर वाढलेला दाखवतात की बघा पंपवाला पाणी मिसळतो. आता यात बनावट काही नाही, इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं म्हणून थर वाढणारच. ८० मिली ई२० मध्ये २० मिली पाणी घालून हलवलं तर खाली ३६ मिलीच्या आसपास थर दिसतो, आणि त्याचा अर्थ एवढाच की इथेनॉल आहे. पण व्हिडिओ बघितलेल्या माणसाला हे पटवायचं म्हणजे अर्धा तास गेला समजा.

बरं, ई२० बद्दलची सगळीच तक्रार खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की साध्या पेट्रोलसाठी बनवून ई१० ला (दहा टक्के इथेनॉल) ट्यून केलेल्या चारचाकीचं मायलेज ई२० वर ६-७ टक्क्यांनी पडतं. आप्पांचे ड्रायव्हर अॅव्हरेज कमी झाल्याचं सांगत होते ते मला खरं वाटलं. पण सीओचं उलट आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जळण जास्त पूर्ण होतं, आणि त्याच अहवालात ई२० वर चारचाकीचा सीओ ३० टक्क्यांच्या आसपास कमी नोंदवलाय. म्हणजे अॅव्हरेजबद्दल बोला, जरूर बोला, पण सीओ वाढल्याचं खापर इथेनॉलवर फोडता येत नाही.

समोर काय काय पर्याय होते

आप्पांचा पहिला बेत सरळ तक्रारीचा. ज्या पंपावर महिन्याचं खातं आहे त्याच्यावर भेसळीचा अर्ज करायचा, तहसीलला पण आणि तेल कंपनीला पण. हे मी थांबवलं, कारण भेसळीचा अर्ज म्हणजे गंमत नाही, कंपनीचे लोक येतात, सॅम्पल सील होतात, लॅबला जातात, आणि काही निघालं नाही तर पुढची दहा वर्षं त्या पंपावर तोंड दाखवायची सोय राहत नाही. धुळ्यासारख्या गावात हे महागात पडतं.

दुसरा एक ड्रायव्हर म्हणाला गुजरातचं पेट्रोल टाकू, तिकडचं चांगलं असतं. नवापूर ओलांडून सोनगडला टाकी फुल करणारे आपल्याकडे भरपूर आहेत आणि लिटरमागे आठ-दहा रुपये वाचतात हे खरंय, पण तो फरक टॅक्सचा आहे, मालाचा नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर एकच बीएस-६ पेट्रोल विकलं जातं, सोनगडला वेगळं आणि साक्रीला वेगळं असं काही नसतं. शिवाय धुळ्याहून जाऊन येऊन दोनशे किलोमीटरच्या वर, वाचलेले पैसे तिथेच जळाले.

तिसरं, कुणीतरी टाकीत ओतायची बाटली सुचवली, इंजिन क्लीनर. चौथं म्हणजे एक एजंट बोललाच की गाडी आणूच नका, नुसता नंबर द्या, पाइप दुसऱ्या गाडीत घालून काढून देतो. कायद्यात पीयूसी नसली तर १० हजारांपर्यंत दंड आहे आणि गाड्यांत शाळेची पोरं बसतात, आप्पा या बाबतीत सरळ माणूस, ते "नको भो" म्हणाले आणि तो विषय तिथेच संपला. पाचवं सीएनजी किट, पण त्याला पैसा लागतो आणि फेल होण्याचं कारण कळल्याशिवाय किट बसवणं मला पटत नव्हतं.

मी म्हटलं आधी दोन गोष्टी करू. पंपावर जाऊन आपल्या हक्काची तपासणी मागू, आणि सातही गाड्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडू.

पंपावर

गिऱ्हाइकानं मागितलं तर फिल्टर पेपर आणि डेन्सिटी दाखवणं पंपाला बंधनकारक आहे, हे बहुतेकांना माहीत असतं पण मागतं कोण. मॅनेजर सुरुवातीला जरा घुश्श्यात होता, खात्यावरचं गिऱ्हाईक म्हणून तयार झाला. नोजलमधून एक थेंब फिल्टर पेपरवर, मे महिन्याच्या उन्हात तो बघता बघता उडाला, हलकी गुलाबी छटा राहिली. ती चालते, रंगाची असते. तेलकट डाग राहिला तर मात्र समजायचं की रॉकेल किंवा असलंच काहीतरी जड आहे.

मग डेन्सिटी. काचेचा उंच जार, त्यात पेट्रोल, हायड्रोमीटर सोडला आणि तो डुलायचा थांबेपर्यंत मॅनेजरनं जारला हात लावू दिला नाही, थर्मामीटर शेजारी. पेट्रोल गरम, त्यामुळे वाचलेला आकडा कमीच येणार, तो तक्त्यावरून १५ अंशावर आणायचा आणि सकाळी टँकरसोबत आलेल्या चलनावरच्या आकड्याशी ताडायचा. ३ पेक्षा जास्त फरक नको (किलो प्रति घनमीटर), आमचा फरक एकच्याही आत आला. हे पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतं, तिथे मुंबईहून पाइपलाइन आहे, म्हणजे रिफायनरी ते धुळे या वाटेत माल बदलायची जागा टँकरची आणि पंपाच्या टाकीचीच.

इथे एक सांगायला हवं. डेन्सिटी जुळली म्हणजे भेसळ नाहीच असं छातीठोक म्हणता येत नाही, नेमक्या डेन्सिटीचं सॉल्व्हंट मिसळणारे हुशार लोक असतात. पण आमच्याकडे त्याहून मोठा पुरावा होता, आणि तो इतका समोर होता की कुणाच्या लक्षात आला नव्हता. सातही गाड्या याच पंपावर भरतात. तीन पास झाल्या.

आकडे शेजारी मांडल्यावर

फेल झालेल्या एका गाडीचा पूर्ण प्रिंट असा होता: सीओ ०.७ टक्के, एचसी २६० पीपीएम, ऑक्सिजन ०.६ टक्के, लॅम्डा १.००. पास झालेल्या गाडीचा सीओ ०.०२, एचसी ३० च्या आत, ऑक्सिजन जवळजवळ शून्य, लॅम्डा तोच १.००.

बघा, लॅम्डा दोन्हीकडे बरोबर. म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल योग्य मापात जातंय, इंजेक्टर ठीक, सेन्सर ठीक. पेट्रोलात रॉकेल असतं तर आधी नॉकिंग आलं असतं, कारण रॉकेलचं ऑक्टेन (नॉकिंग न होऊ देण्याची ताकद) फारच कमी. इथे सायलेन्सरमधून जळू शकणारा सीओ पण बाहेर येतोय आणि त्याला जाळायला लागणारा ऑक्सिजन पण बाहेर येतोय, दोघं सोबत निघालेत आणि वाटेत कुणी त्यांची गाठ घालून दिली नाही. ती गाठ घालून द्यायचं काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. त्याच्या आत सिरॅमिकची जाळी असते, त्यावर पॅलेडियम-रोडियमचा पातळ लेप, त्यावर सीओचा कार्बन डायऑक्साइड होतो, एचसी जळतं, आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतात.

गाडी रॅम्पवर घेतली. कन्व्हर्टरचा डबा बाहेरून शाबूत, हातोडीनं हलकं वाजवलं तर पोकळ आवाज. मागचा ऑक्सिजन सेन्सर खोलला तर त्याच्याखाली बोटाच्या पेराएवढा एक स्टीलचा स्पेसर बसवलेला, म्हणजे सेन्सरला धुराचा पूर्ण झोत लागू नये आणि चेक इंजिनचा दिवा पेटू नये. त्या भोकातून छोटा कॅमेरा आत घातला. आत काही नाही, नुसता पत्र्याचा पोकळ डबा, आणि शिवणीवर वेल्डिंगचा नवा टाका. चारही गाड्यांचं तेच. आणि चारही गाड्या आदल्या उन्हाळ्यात सायलेन्सर गळतो म्हणून एकाच गॅरेजला गेल्या होत्या.

कन्व्हर्टरमधल्या धातूंना भंगारात चांगला भाव असतो. २०२१ मध्ये रोडियम सोन्याच्या दहापटीहून महाग झालं होतं, तेव्हापासून या धंद्याची चटक लागलीय, भाव उतरले तरी हात थांबलेले नाहीत.

जरा रिफायनरीकडे बघू

हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते याच भागासाठी. आपण पेट्रोलचं मानक म्हणतो तेव्हा वाटतं की पेट्रोल स्वच्छ झालं की धूर स्वच्छ. तसं नसतं. पेट्रोलची बरीच मानकं ही कन्व्हर्टर जिवंत राहावा म्हणून आहेत.

सुरुवात शिशापासून. १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्या आणि शिसं नसलेलं पेट्रोल एकत्रच आले, कारण शिसं कन्व्हर्टरला कायमचं मारतं. देशभर शिसं बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. मग गंधक. बीएस-२ ला ५०० पीपीएम, बीएस-३ ला १५०, बीएस-४ ला ५० आणि बीएस-६ ला फक्त १०. मधलं बीएस-५ गाळून थेट सहावर उडी मारायचं २०१६ मध्ये ठरलं. टप्प्याटप्प्यानं जायचा मूळ आराखडा आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीनं २००२ मध्ये दिला होता. गंधक जळून लेपावर जाऊन बसतं आणि जागा अडवतं, शिशासारखं कायमचं मारत नाही पण काम मंद करतं.

हे गंधक काढणं सोपं नाही. पंपावरचं पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नसतोच, रिफायनरीतल्या पाच-सहा युनिटांचा माल मापात मिसळलेला असतो. त्यातलं बहुतेक गंधक एकाच वाटेनं येतं, एफसीसी युनिट, जिथे जड तेल फोडून पेट्रोल करतात. तिथलं गंधक काढायला दाबाखाली हायड्रोजन सोडतात, पण हायड्रोजन गंधकाशी भिडता भिडता ओलेफिनला (पेट्रोलातलाच एक घटक) पण खाऊन टाकतो, आणि ओलेफिन गेलं की ऑक्टेन पडतं. बीएस-६ आलं तेव्हा ऑक्टेन ९१ च्या खाली चालत नव्हतं. मग ते भरून काढायला रिफॉर्मरचा (ऑक्टेन वाढवणारं युनिट) माल वाढवावा तर त्यात अॅरोमॅटिक्स आणि त्यातलंच बेंझिन, आणि बेंझिन १ टक्क्याच्या वर नको कारण त्यानं कॅन्सर होतो, अॅरोमॅटिक्स ३५ टक्क्यांच्या वर नको. ओलेफिनला २१ टक्क्यांची मर्यादा वेगळीच. आखूड पांघरुणासारखं आहे हे, डोकं झाकलं की पाय उघडे. म्हणून हलका आणि जड भाग वेगळा करून जड भागालाच हायड्रोजन द्यायचा, आयसोमरायझेशनची (रेणूंची रचना बदलून ऑक्टेन वाढवणारी) युनिटं टाकायची, असे उपाय झाले, आणि इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या घरात असल्यानं आता त्याचाही हात लागतो.

बीएस-६ साठी सरकारी तेल कंपन्यांनी रिफायनऱ्यांवर सुमारे ३५ हजार कोटी घातले. शिवाय हायड्रोजन करायला नॅचरल गॅस किंवा नाफ्था लागतो, त्यातून रिफायनरीच्या चिमणीतून कार्बन डायऑक्साइड जास्त निघतो, म्हणजे गावातली हवा सुधारायला रिफायनरीत थोडं कर्ज काढल्यासारखं आहे. निघालेलं गंधक वाया जात नाही, ते खतवाल्यांकडे आणि अॅसिडवाल्यांकडे जातं.

आणि हा सगळा खटाटोप ज्या वीतभर जाळीसाठी केला, ती धुळ्यातल्या एका गॅरेजमध्ये ग्राइंडरनं कापून भंगारात गेली. १० पीपीएमचं पेट्रोल आप्पांच्या चार गाड्यांत जळत होतं ते जवळपास फुकट. जळण्याआधीचं बेंझिन कमी, तेवढाच फायदा.

काय केलं

गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला जाळी चोक झाली होती, गाडी ओढत नव्हती, तुमच्याच ड्रायव्हरनं सांगितलं काढ म्हणून. ड्रायव्हर नाही म्हणाला. बिल नाही, जुना माल परत घेतल्याची नोंद नाही, मग सिद्ध काय करणार. पोलिसात जायचं का यावर आप्पांच्या घरात दोन दिवस वाद झाला, शेवटी गेले नाहीत. गॅरेजवाला भावकीतला निघाला.

मग नवीन बसवायचं. कंपनीचं ओरिजिनल युनिट एका गाडीलाच ड्रायव्हरच्या महिन्याच्या पगारापेक्षा महाग, बाजारात मिळणारं बिननावाचं त्याच्या तिसऱ्या हिश्शात. माझं म्हणणं ओरिजिनल घ्या, कारण स्वस्तातल्या जाळीवर लेप नावाला असतो. आप्पांचं म्हणणं शाळेचे पैसे जुलैत येतात, आते काय करानं? दोन्ही बाजू बरोबर होत्या. दोन गाड्यांना ओरिजिनल, एकीला बाजारातलं, आणि चौथी पासिंगला पाठवलीच नाही.

पुढे काय झालं

तिन्ही गाड्या पास. ओरिजिनलवाल्या दोन्हींचा सीओ ०.०३ च्या खाली आला, आणि पेट्रोल तेच, पंप तोच. बाजारातल्या कन्व्हर्टरची गाडी पण पहिल्यांदा छान पास झाली, पण दिवाळीच्या सुट्टीत मी सहज आमच्या कॉलेजच्या धूर मोजायच्या अॅनालायझरवर घेतली तेव्हा सीओ ०.२ ला टेकला होता. पुढच्या मे महिन्यात ती परत फेल होईल असं मी आप्पांना सांगून ठेवलंय.

चौथी गाडी त्यांनी विकली, तशीच, पोकळ डब्यासकट. मी बोललो होतो की घेणाऱ्याला सांगा. सांगितलं का ते मी विचारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पोलिसात जायला हवं होतं असं मला अजून वाटतं, भावकी असली तरी. चार गाड्या एका गॅरेजमध्ये म्हणजे तिथे चाळीस झाल्या असतील, आणि आपण गप्प बसलो की पुढच्याचा नंबर लागतो.

पासिंगच्या तोंडावर धावाधाव झाल्यामुळे स्वस्त युनिट घ्यावं लागलं. सायलेन्सरचं काम झाल्यावर लगेच एकदा पीयूसी मशिनवर गाडी लावली असती तर वर्षभर आधी कळलं असतं, गॅरेजवाल्याचे पैसे तेव्हा द्यायचे बाकी होते, त्यातून कापता आले असते.

पीयूसी सेंटरचं पण थोडं आहे. चारही गाड्यांच्या प्रिंटवर लॅम्डा आणि ऑक्सिजन छापून आला होता, आणि सेंटरवाल्यानं "पेट्रोल खराब असंल" एवढंच सांगून परत पाठवलं. लॅम्डा १ आणि सीओ जास्त दिसला की आधी कन्व्हर्टर बघा, हे एक वाक्य त्या पोराला कुणी शिकवलं असतं तर पंपावर जायचीच गरज नव्हती. आता मी वर्गात हेच दोन प्रिंट शेजारी ठेवून शिकवतो.

आप्पांनी राहिलेल्या सहाही गाड्यांच्या कन्व्हर्टरवर गाडीचा नंबर कोरून घेतलाय आणि खालून सळईची जाळी वेल्ड करून घेतलीय. गॅरेज बदललं. बिल मात्र अजून घेत नाहीत.